थंडीत एसी बर्फ धरतो तेव्हा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या खेपेच्या पत्रांत बंद खोलीत पीक घेणाऱ्यांची पत्रं जास्त आहेत. लेट्युस, मायक्रोग्रीन्स, बटण मशरूम, केशर अशी पिकं वेगवेगळी, पण गाऱ्हाणं बहुतेकांचं एकच: उन्हाळाभर बिनतक्रार चाललेला एसी थंडी पडली की पहाटे बर्फ धरतो. त्यातली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न (शिरोली): १२ बाय २० फुटांच्या खोलीत आम्ही लेट्युस घेतो. एलईडी दिवे मिळून २,४०० वॅट, एसी दीड टनाचा साधा स्प्लिट, इन्व्हर्टर प्रकारचा नाही. दिवे सकाळी ६ ते रात्री १० चालू असतात. रात्री दमटपणा फार वाढतो म्हणून दिवे बंद झाले की एसी १६ वर लावून ठेवतो. डिसेंबर लागल्यापासून पहाटे तीनच्या सुमारास कॉइल (हवा गार करणारी आतली नळ्यांची जाळी) पांढरीफटक होते, वारं येणं बंद होतं आणि सकाळी सगळं पाणी रॅकवर गळतं. मिस्त्रींनी दोनदा गॅस भरला. चार दिवस बरं गेलं, पुन्हा तेच. एसी बदलावा का?

उत्तर: बदलू नका, आणि तिसऱ्यांदा गॅस तर मुळीच भरू नका.

बर्फ दिसला की ‘कूलिंग जास्त होतंय’ असं वाटतं. खरं तर कॉइलपर्यंत उष्णताच पोचत नसते. दीड टनाचा एसी सुमारे ५.२ किलोवॅट उष्णता बाहेर टाकू शकतो. तुमचे दिवे चालू असतात तेव्हा त्यांचे २.४ किलोवॅट आणि पंप-पंख्यांची थोडीफार भर, म्हणजे एसीला अर्धंच काम असतं. रात्री दहाला दिवे गेले की उरतात १५०-२०० वॅट. साध्या एसीचा कॉम्प्रेसर मात्र चालला की पूर्ण ताकदीने चालतो, त्याला हळू चालणं माहीत नाही. उष्णता मिळेना म्हणून कॉइलचं तापमान शून्याखाली उतरतं. खोलीत पाला ओला, ट्रे ओले, हवा ८५-९० टक्के दमट. कॉइलवर पाणी सुटायचं ते तिथेच गोठतं. बर्फाचा थर आला की वारं आणखी अडतं, वारं अडलं की कॉइल आणखी थंड होते. १६ अंश खोलीला कधी गाठता येत नाहीत, त्यामुळे कॉम्प्रेसर सकाळपर्यंत थांबतच नाही. गंमत अशी, की दमटपणा काढण्यासाठी तुम्ही १६ लावता, पण बर्फाने झाकलेली कॉइल दमटपणाही काढत नाही.

आज रात्रीपासून एवढं करा. दिवे बंद झाले की सेटिंग २२ वर न्या. लेट्युसला रात्री एवढं तापमान चालतं. ब्लोअर ‘ऑटो’वर नको, ‘हाय’वर ठेवा, ऑटोवर खोली थंड झाली की ब्लोअर मंद होतो आणि बर्फाला तेच हवं असतं. खोलीतले फिरते पंखे रात्रभर चालू राहू द्यात. फिल्टर दर आठवड्याला धुवा. दीड टनाच्या कॉइलवरून मिनिटाला सुमारे ६०० घनफूट वारं गेलं पाहिजे, टनाला ४०० हा नेहमीचा हिशेब. फिल्टरवर कोकोपीटचा बारीक भुसा बसलेला असेल तर ते होत नाही. स्प्लिट युनिट वरून हवा ओढतं, म्हणून वर निदान १५ सेंटीमीटर मोकळे हवेत. समोर दोन-तीन फुटांवर रॅक असेल तर सुटलेली थंड हवा रॅकवर आपटून परत वरच ओढली जाते. खोली १९ ची असताना कॉइलला १४ अंशांची हवा मिळते आणि ती लवकर गोठते. रॅक बाजूला घ्या किंवा झडपा वर करून वारं छताला लागून जाऊ द्या.

दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे, पण लोक तो सहसा करत नाहीत. दिव्यांची वेळ उलटी करा. संध्याकाळी ६ ते सकाळी १० दिवे चालू, दिवसा ८ तास अंधार. झाडाला १६ तास मिळाल्याशी मतलब, घड्याळाशी नाही. अंधाराची वेळ दुपारी आली की बाहेरून २८-३० अंशांची उष्णता भिंतींतून आत येत राहते, कॉइलला काम मिळतं आणि तिच्यावर गोठण्याऐवजी पाणी सुटतं. एकदम १२ तास सरकवू नका, रोज दोन-दोन तास पुढे न्या.

आता गॅसचं. सकाळी आठला मिस्त्री येतात, आउटडोअरला १६-१७ अंशांचं वारं लागत असतं, गेज लावला की सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा, दाब कमीच दिसणार. एसीची कॅपिलरी (आतल्या कॉइलला गॅस बेताने सोडणारी बारीक नळी) बाहेर ३५ आणि आत २७ अंश धरून बसवलेली असते. थंडीत दाब उतरतो, तो गॅस कमी आहे म्हणूनच उतरतो असं नाही. दाब वर आणायला गॅस ढकलला की मार्च-एप्रिलमध्ये तोच जादा गॅस हेडचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा, दाब चढवतो, कॉम्प्रेसर तापून ट्रिप होतो, अँपिअर वाढतात. म्हणून तपासणी सकाळी नको. दुपारी दोनला, बाहेर २८ च्या वर गेल्यावर आणि आत सगळे दिवे चालू असताना करायला सांगा. कोल्हापूरच्या थंडीत दुपार चांगली तापते, ही सोय काश्मीरवाल्यांना नाही. त्या वेळी बर्फ पूर्ण वितळलेला, फिल्टर धुतलेला असावा. अशा वेळीही सक्शनचा गेज आर-३२ ला १०३ पीएसआयच्या, आर-४१०ए ला १०१ च्या किंवा आर-२२ ला ५८ च्या खाली राहिला, तर कॉइल शून्याखाली चालतेय आणि गळतीची शंका रास्त आहे. हे आकडे म्हणजे त्या-त्या गॅसचा शून्य अंशाला असणारा दाब. गळती असेल तर नायट्रोजनने दाबून साबणाच्या पाण्याने शोधा, बंद करा, व्हॅक्यूम पंप लावा आणि नेमप्लेटवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर तोलून भरा. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे, त्यामुळे गॅस लाइनमध्ये असताना वेल्डिंगची बत्ती जवळ नको.

गळती आहे की नाही याचा अंदाज तुम्हालाही करता येतो. पुढच्या वेळी बर्फ दिसला की वितळवण्याआधी पुढचं झाकण उचला आणि टॉर्चने नीट पाहा. कॉइलचा सगळा चेहरा सारखा पांढरा असेल तर वारं कमी आहे किंवा उष्णता कमी आहे. एका टोकाच्या दोन-चार नळ्यांवरच बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी, नुसती गार लागत असेल, तर आत पुरेसा गॅस पोचत नाही. आउटडोअरजवळ बारीक पाइपाच्या नटावर बर्फ आणि जाडा पाइप कोरडा, हीही त्याचीच खूण. तुमच्या पत्रातली ‘पांढरीफटक’ कॉइल पहिल्या प्रकारची वाटते.

प्रश्न (पन्हाळा): केशराची फुलं काढून झाली. आता कंद वाढीला लावलेत, १,००० वॅटचे दिवे आहेत, खोली १७ अंशांवर ठेवतो. इथे पहाटे १०-१२ अंश असतात आणि वारं जोराचं. एसी रात्री बर्फ धरतो. आउटडोअरला पोत्याने गुंडाळलं तर चालेल का?

उत्तर: पोतं नको. एका दुपारी ते काढायचं राहून जाईल आणि कंडेन्सर (आउटडोअरची कॉइल) उकडून निघेल.

तुमची अडचण शिरोलीच्या वाचकांपेक्षा वेगळी आहे. तिथे आतली उष्णता कमी पडते, तुमच्याकडे बाहेरची थंडी जास्त आहे. आउटडोअरची कॉइल फार गार झाली की तिच्यातला दाब पडतो. हा दाबच कॅपिलरीतून गॅस आत ढकलत असतो. उसाला पाणी देताना मोटरीचा जोर कमी झाला की पहिल्या सऱ्या भिजतात आणि शेवटच्या कोरड्या राहतात, तसंच इथे होतं. थोडासा गॅस इनडोअर कॉइलच्या पहिल्या नळ्यांतच उकळून संपतो. तेवढ्याच नळ्या शून्याखाली जातात आणि तिथून बर्फ सुरू होतो. म्हणजे गॅस नेमप्लेटप्रमाणे पूर्ण असूनही खूण गॅस कमी असल्याचीच दिसते. मिस्त्री फसतात ते इथे.

आधी विचारायचा प्रश्न असा, की बाहेर ११ अंश असताना आत १७ ठेवायला कॉम्प्रेसर कशाला? बाहेरची हवाच आत घ्या. हिशेब सोपा आहे: खोलीतले वॅट घ्या, त्यांना ०.३३ आणि आत-बाहेरच्या अंशांतला फरक यांच्या गुणाकाराने भागा, तासाला किती घनमीटर हवा लागेल ते मिळतं. त्याला १.७ ने भागलं की सीएफएम, म्हणजे मिनिटाला घनफूट. तुमचे १,००० वॅट आणि फरक ५ अंश धरला तर सुमारे ६०० घनमीटर, म्हणजे ३६० सीएफएम. बारीक जाळी आणि वळणं यांत बरंच वारं मरतं, त्यामुळे पंख्यावर लिहिलेला आकडा याच्या दुप्पट असू द्या. हवा खालून एका भिंतीतून घ्या, समोरच्या भिंतीतून वरून बाहेर काढा. पंख्याला थर्मोस्टॅट लावा, १८ ला चालू, १६ ला बंद. एसी २० वर नेऊन ठेवा, म्हणजे दुपारी गरज पडली तरच तो उठेल. कळी धरायच्या काळात कंदाला २३ ते २७ आणि फूल बाहेर यायला १७ च्या आसपास लागतं, तिथे काटेकोरपणा हवा. आता पात वाढतेय, रात्री दोन अंश खाली गेलं तर बिघडत नाही.

तरीही रात्री एसी चालवावाच लागत असेल तर पहिलं काम वाऱ्याचा आडोसा. आउटडोअरपासून दोन फुटांवर पत्रा उभा करा. वारं अडलं पाहिजे पण पंख्याची हवा मोकळी सुटली पाहिजे. त्यानंतर आउटडोअरच्या पंख्याला तापमानाचा कंट्रोलर. त्याचा प्रोब कंडेन्सरच्या मधल्या यू-बेंडवर पक्का बांधा, वर इन्सुलेशन गुंडाळा. ४५ अंशांना पंखा चालू, ३० ला बंद. पंखा रिलेच्या एनसी (रिले बंद असताना जोडलेल्या) टोकातून जोडा, कारण कंट्रोलर मेला तर पंखा चालूच राहिला पाहिजे. उलटं जोडलं आणि कंट्रोलर बिघडला, तर पंखा बंद आणि कॉम्प्रेसर चालू, असा प्रसंग येईल. हाय प्रेशर कटआउट (दाब फार चढला की कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घ्या. हे फक्त साध्या एसीला. इन्व्हर्टर एसीचा बाहेरचा पंखा त्याचं कार्ड चालवतं, तिथे मध्ये हात घातला की कार्ड एरर दाखवून बसतं.

प्रश्न (कागल): पफ पॅनेलच्या (आत फोम भरलेल्या पत्र्यांच्या) खोलीत बटण मशरूम आहे. १५-१६ अंश लागतात आणि एसी १६ च्या खाली जात नाही, म्हणून सेन्सरला छोटा रेझिस्टर चिकटवून तो गरम ठेवतो. खोली थंड होते, पण दर तीन तासांनी बर्फ. काय चुकतंय?

उत्तर: जुगाड चुकीचा नाही, अर्धवट आहे. खोली २७ अंश असताना घरगुती एसीची कॉइल ५ ते १० अंशांवर चालते, पाण्याचे थेंब धरते पण बर्फ नाही. खोली १६ वर आणली की तीच कॉइल शून्यापाशी येते. कंपनीने १६ ची मर्यादा घातली ती उगीच नव्हे. तुम्ही खोलीचा सेन्सर फसवला, आता कॉइलवर पहारा ठेवायला दुसरा सेन्सर हवा.

दोन प्रोबचा डिजिटल कंट्रोलर घ्या. एक प्रोब खोलीत, पिशव्यांच्या उंचीवर. दुसरा कॉइलच्या पापड्यांमध्ये (नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांमध्ये), बर्फ जिथे सगळ्यात आधी धरतो तिथे, साधारण दोन इंच आत, पापड्या न वाकवता. कॉइल १ अंशावर आली की रेझिस्टरचा पुरवठा तुटला पाहिजे. मग एसीला खोली खरी आहे तेवढी थंड दिसते, तो स्वतःहून कॉम्प्रेसर थांबवतो आणि ब्लोअर फिरत राहतो. कॉइल ८ अंशांवर चढली की रेझिस्टर पुन्हा चालू. मधलं अंतर किमान ५ मिनिटांचं ठेवा. एसीचा मेन पुरवठाच तोडायची पद्धत काही जण वापरतात. ती नको, ब्लोअरही थांबतो आणि बर्फ वितळायला वारंच उरत नाही. कंट्रोलर आणायला वेळ असेल तोवर साधा सायक्लिक टायमर त्याच रेझिस्टरवर लावा: २५ मिनिटं चालू, १० मिनिटं बंद.

खोली मोठी असेल, पिशव्या हजारावर असतील, तर कोल्ड स्टोरेजचं युनिटच घ्या. त्याची कॉइल मोठी, पापड्या विरळ, डीफ्रॉस्ट (बर्फ आपोआप वितळवायची सोय) आतच. शिवाय मशरूमला ८५-९० टक्के आर्द्रता लागते. घरगुती एसीची छोटी, फार थंड कॉइल तीच आर्द्रता सतत पिऊन टाकते. तुम्ही ह्युमिडिफायरने घालता आणि एसी ती बर्फ करून ठेवतो. काढणीच्या काळात कार्बन डायऑक्साइड १,००० पीपीएमच्या खाली ठेवायला ताजी हवा घ्यावी लागतेच, तर डिसेंबर-जानेवारीत ती पहाटेची १४-१५ अंशांची घ्या. कॉम्प्रेसरला तेवढाच विसावा. आत येणाऱ्या हवेला माशीची बारीक जाळी मात्र हवीच.

प्रश्न (गारगोटी): धिंगरी मशरूमच्या खोलीला थंडीत एसी किती टनाचा लागेल?

उत्तर: लागणार नाही. धिंगरीला २० ते २८ अंश चालतात, गारगोटीच्या थंडीत उलट पहाटे ऊब कमी पडेल. उन्हाळ्यासाठी एसी घेणारच असाल तर एक लक्षात असू द्या: धिंगरीचे बीजाणू पिठासारखे उडतात आणि ओल्या कॉइलवर बसून त्यांचा चिकट लेप होतो. फिल्टर त्यांना पुरा अडवत नाही. छत्री कडेने वर वळायच्या आत तोडणी करा, कॉइल दर महिन्याला धुवा, आणि आत जाताना मास्क लावा, फुप्फुसालाही तो भुगा सोसत नाही.

प्रश्न (इचलकरंजी): मायक्रोग्रीन्सच्या खोलीत बुरशी येते. एसी ‘ड्राय मोड’वर ठेवला तर आठवड्यात दोनदा बर्फ. डीह्युमिडिफायर घ्यावा का, आणि किती लिटरचा?

उत्तर: ड्राय मोडमध्ये वेगळं यंत्र चालू होत नाही. तोच कॉम्प्रेसर, तीच कॉइल, फक्त ब्लोअर मंद. उन्हाळ्याच्या दमट बेडरूमला ते ठीक, २० अंशांच्या खोलीत मंद ब्लोअर म्हणजे बर्फाला आमंत्रण. तो मोड बंद करा.

डीह्युमिडिफायर घ्या. किती लिटरचा, ते तुमच्या पाण्याच्या बादलीवरून ठरवा. दिवसाला ट्रेंना जेवढं पाणी घालता, त्यातून निचऱ्याचं वजा करा. उरलेलं जवळजवळ सगळं पानांतून आणि ओल्या कोकोपीटवरून हवेत जातं. १२ लिटर जात असेल तर १२ लिटरचं यंत्र पुरणार नाही. खोक्यावरचा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला काढलेला असतो. २० अंश, ६० टक्क्यांना तेच यंत्र निम्म्याच्या आसपास येतं. म्हणजे २४-२५ लिटरचं बघा. ऑटो डीफ्रॉस्ट असलेलंच घ्या, कारण १५-१६ अंशांच्या खाली हे यंत्रही बर्फ धरतं.

ते खोली गरम करतं अशी तक्रार उन्हाळ्यात येते. प्रत्येक लिटर पाणी हवेतून काढताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता सुटते, वर त्याने खाल्लेली वीज. थंडीत ही उष्णता फुकट जात नाही, तीच एसीच्या कॉइलला गोठण्यापासून वाचवते. यंत्र एसीच्या वाऱ्याखाली ठेवू नका, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

प्रश्न (गडहिंग्लज): इन्व्हर्टर एसी घेतला तर बर्फाचा त्रास संपेल का?

उत्तर: कमी होईल, संपणार नाही. काम कमी असेल तेव्हा तो कॉम्प्रेसर हळू चालवतो आणि कॉइलचा सेन्सर गोठायच्या आधी थांबवतो. पण त्याच्या हळू चालण्यालाही तळ असतो, आणि दिवे बंद खोलीत तोही जास्तच पडतो. शिवाय हळू चालला की कॉइल १२-१४ अंशांवर राहते, बर्फ नाही पण दमटपणाही निघत नाही. घेण्याआधी माहितीपुस्तिकेतला ऑपरेटिंग रेंजचा तक्ता मागा आणि कूलिंगसाठी बाहेरचं किमान तापमान किती दिलंय ते वाचा. टन मोजताना मोठा एसी म्हणजे चांगला हा समज सोडा. दिव्यांचे किलोवॅट भागिले ३.५, त्यावर उन्हाळ्यासाठी पाव-तिसरा हिस्सा वाढवा, बास. एका दोन टनाच्या एसीऐवजी एक-एक टनाचे दोन घेतले तर थंडीत एक बंद ठेवता येतो.

प्रश्न (जयसिंगपूर): बर्फ धरलाच तर लवकर काढायचा कसा? गरम पाणी ओतलं तर?

उत्तर: गरम पाणी नको, हेअर ड्रायरही नको, आणि स्क्रू ड्रायव्हर तर हातातही घेऊ नका. एसी ‘फॅन’ मोडवर, ब्लोअर हाय, कॉम्प्रेसर बंद. खोलीचे दिवे चालू करता येत असतील तर करा. थर पातळ असेल तर अर्ध्या-पाऊण तासात सुटतो, पाइपापर्यंत गोठला असेल तर दोन-तीन तास धरा. बर्फ एकदम सुटतो तेव्हा आतला ट्रे ते पाणी सांभाळू शकत नाही, म्हणून खालचा रॅक आधी सरकवा आणि बादली ठेवा. ड्रेनच्या पाइपाला फुटामागे पाव इंच उतार आहे ना आणि त्यात शेवाळ साचलेलं नाही ना, तेही त्याच वेळी पाहून घ्या. पूर्ण वितळल्याशिवाय कूलिंग सुरू केलं तर आतल्या ओळींतल्या उरलेल्या बर्फावर नवा थर तासाभरात चढतो. टोकदार वस्तूने खरवडताना कॉइलच्या नळीला सुईएवढं भोक पडलं, तर गॅस जातो आणि ते भोक पापड्यांच्या मध्ये असल्याने तिथे ब्रेझिंगची (नळी सांधायची) बत्तीही पोचत नाही. बहुतेक वेळा पूर्ण कॉइल बदलावी लागते.